बैल संपल्यावर: लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि श्रीरंगपट्टणचा तह, १७९१-९२

१७९१ च्या मे महिन्याच्या अखेरीस कावेरीकाठी कन्नंबाडीजवळ इंग्रजांनी आपल्याच तोफा आपल्या हातांनी निकामी केल्या. आज तिथे कृष्णराजसागर धरणाचं पाणी आहे. श्रीरंगपट्टण तिथून एका मजलीवर होतं. बंगळूरचा किल्ला मार्चमध्येच घेतला होता आणि १५ मे रोजी अरिकेरेच्या लढाईत टिपू मागे हटला होता. तरीही वेढ्याच्या अवजड तोफा फोडून फौज परत फिरली. कारण साधं होतं. तोफा ओढायला बैल उरले नव्हते.

मद्रासेहून आणलेली जनावरं हजारोंनी मेली होती. छावणीत देवीची साथ होती आणि तांदळाचा भाव गगनाला भिडला होता. बाजारबुणगे मेलेल्या बैलांचं मांस खात होते. पश्चिमेकडून कुर्गच्या वाटेने आलेला मुंबईचा सेनापती ॲबरक्रोंबी पेरियापट्टणपर्यंत पोचला होता, त्यालाही माघारी जा असा निरोप धाडावा लागला. ही आज्ञा देणारा माणूस ५२ वर्षांचा होता. दहा वर्षांपूर्वी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला त्याने सात हजारांवर सैन्य जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्वाधीन केलं होतं. लॉर्ड चार्ल्स कॉर्नवॉलिस, आता बंगालचा गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती, दुसऱ्यांदा त्याच गर्तेच्या काठावर उभा होता.

या एका प्रसंगाभोवती हे प्रकरण मांडतो आहे. कॉर्नवॉलिसचं नाव निघालं की आपल्याकडे कायमधारा पद्धत आठवते, इंग्लंड-अमेरिकेत यॉर्कटाउन आठवतं. सेनापतीचा मुत्सद्दी कसा झाला हे सांगताना त्याचे चरित्रकार नंतरच्या आयर्लंडमधल्या कारकिर्दीकडे आणि फ्रान्सशी झालेल्या आमियाँच्या तहाकडे बोट दाखवतात. माझ्या मते तो बदल त्याआधीच झाला होता, आणि तो मे १७९१ ते मार्च १७९२ या दहा महिन्यांत, बव्हंशी मराठ्यांच्या सोबतीने झाला. त्या काळात त्याने टिपूशी जितकी बोलणी केली त्याहून अधिक आपल्या दोस्तांशी केली.

घराण्याची ओळख थोडक्यात करून घेऊ. जन्म ३१ डिसेंबर १७३८, लंडनचा. शिक्षण ईटनला, लष्करी शिक्षण इटलीत तुरीनच्या अकादमीत. वडील १७६२ मध्ये वारले आणि तेविसाव्या वर्षी तो अर्ल झाला, उमरावांच्या सभागृहात जाऊन बसला. अमेरिकन वसाहतींवर वाटेल तो कायदा लादण्याचा हक्क पार्लमेंटने १७६६ मध्ये जाहीर केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या मोजक्या उमरावांत तो होता. त्याच वसाहतींशी लढायला तो दहा वर्षांनी गेला. हुकूम आला की जायचं, ही त्या वर्गाची रीत. कॅम्डन जिंकलं, गिलफर्ड कोर्टहाउसही जिंकलं, पण त्या दुसऱ्या विजयात जवळजवळ चौथा हिस्सा सैन्य गमावलं आणि समुद्रकाठी यॉर्कटाउनला जाऊन बसला. फ्रेंच आरमाराने समुद्र बंद केला आणि खेळ संपला. तिथे त्याचा घात रसद आणि मदत वेळेवर न पोचल्याने झाला. शौर्याची कमी नव्हती.

हिंदुस्थानात येण्याचं त्याने आधी नाकारलं होतं. वॉरन हेस्टिंग्जला कौन्सिलच्या बहुमताने कसं जखडून ठेवलं होतं ते त्याने पाहिलं होतं. कौन्सिलचा निर्णय डावलण्याचा अधिकार आणि सरसेनापतिपद दोन्ही एका हाती मिळेल अशी तजवीज १७८६ मध्ये कायद्याने झाली, तेव्हाच तो निघाला. पण अधिकारासोबत एक लगामही आला. इंग्लंडचा पंतप्रधान पिट याच्या १७८४ च्या कायद्याने मुलूख जिंकण्यासाठी युद्ध करायला मनाई होती. हल्ला झाला तर प्रतिकार करा, स्वतःहून कुणावर चालून जाऊ नका आणि तसल्या करारात पडू नका, असा त्याचा मथितार्थ.

हा लगाम तोंडात असतानाच त्याने जुलै १७८९ मध्ये निजामाला एक पत्र पाठवलं. नवा तह करायला कायद्याची आडकाठी, म्हणून जुन्या तहाचा ‘अर्थ’ सांगणारं पत्र. निजामाला फौज देऊ, फक्त ती आमच्या दोस्तांवर वापरू नये, असं लिहून दोस्तांची यादी दिली. यादीत मराठे होते, इतर होते, टिपूचं नाव नव्हतं. टिपूने त्याचा अर्थ बरोबर ओळखला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला त्याने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला आणि कॉर्नवॉलिसला हवं ते कायदेशीर कारण मिळालं. त्रावणकोरचा राजा कंपनीचा दोस्त होता. कॉर्नवॉलिसला सरळमार्गी म्हणणाऱ्यांनी हे पत्र जरूर लक्षात घ्यावं. पैशाच्या बाबतीत तो खरोखरच सरळ होता. राजकारणात मात्र शब्दाच्या आडून वार करणं त्याला जमत होतं.

पुण्यात हे प्रकरण नाना फडणविसांच्या हाती होतं. टिपूशी मराठ्यांचं १७८५ ते १७८७ असं युद्ध होऊन गजेंद्रगडचा तह झाला होता. नरगुंदकर आणि कित्तूरकरांवर टिपूने केलेली जबरदस्ती पुणं विसरलं नव्हतं. कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख परत हवा होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात बसून होता, पण नाना घाई करणाऱ्यांतले नव्हते. इंग्रजाला मराठ्यांची गरज जास्त आहे हे ते जाणून होते. शेवटी १ जून १७९० रोजी पुण्यात तह झाला, जुलैत निजामाशी झाला. मिळेल त्याचे तीन समान वाटे, आणि कुणी एकट्याने टिपूशी सलूख करायचा नाही, ही दोन कलमं त्यात कळीची होती.

पहिलं वर्ष वाया गेलं. मद्रासेचा गव्हर्नर मेडोज दक्षिणेकडून कोइमतूरच्या बाजूने चढला आणि टिपूने त्याला दमवलं. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात सहा महिन्यांहून जास्त अडकले. बद्रुज्जमानखानाने किल्ला असा लढवला की त्याची तारीफ शत्रूनेही केली. मुंबईहून कॅप्टन लिटलची छोटी इंग्रज तुकडी भाऊंच्या मदतीला होती. मदतीला आलेला कर्नल फ्रेडरिक तिथेच वारला. एप्रिल १७९१ मध्ये धारवाड हाती आलं, तोवर कॉर्नवॉलिस स्वतः मैदानात उतरून बंगळूर घेऊन बसला होता. मग पावसाळ्याच्या तोंडावर, मराठ्यांची वाट न पाहता, तो श्रीरंगपट्टणकडे निघाला. निजामाचे दहाएक हजार स्वार सोबत होते. त्यांचा उपयोग कमी आणि दाणावैरणीचा भार जास्त, असं इंग्रज अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. त्यापुढचं कन्नंबाडीचं वर सांगितलंच.

२६ मे रोजी माघारीची पहिली मजल चालू असताना डाव्या अंगाला घोडेस्वार दिसले. टिपूचे स्वार मालावर पडले असं समजून इंग्रज तुकड्या गोळीबाराला सिद्ध झाल्या. इतक्यात एक स्वार पुढे येऊन ओरडला की आम्ही मराठे आहोत. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंच्या फौजा मेलकोट्याच्या बाजूने येऊन ठेपल्या होत्या. टिपूच्या हलक्या स्वारांनी वाटा अशा रोखल्या होत्या की एकही जासूद कॉर्नवॉलिसपर्यंत पोचला नव्हता. दोस्तांची एवढी मोठी फौज एका मजलीवर, आणि सेनापतीला पत्ता नाही. चार दिवस आधी कळलं असतं तर तोफा वाचल्या असत्या.

या भेटीनंतरचे दिवस मला सर्वात मोलाचे वाटतात. उपाशी इंग्रज छावणी मराठ्यांच्या बाजारात शिरली. त्या बाजाराची वर्णनं इंग्रजांनी विस्मयाने लिहून ठेवली आहेत. विलायती बनातीचे तागे, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, हिरे, शेजारीच कुणा खेडुत बाईच्या कानातून ओरबाडलेलं चांदीचं भूषण, बैल, मेंढ्या, कोंबड्या, आणि थेट कोकणातून आलेली खारवलेली मासळी. सराफांनी आपल्या बैठका मांडल्या होत्या, कोणत्याही नाण्याची मोड मिळत होती. शत्रूच्या उद्ध्वस्त मुलखात, तोंडावर पावसाळा असताना, पुण्याहून निघालेली फौज चालतं-बोलतं शहर बरोबर घेऊन आली होती. भाव अर्थातच चढे होते. व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकाची नड कळत होती.

जगातल्या सर्वात शिस्तबद्ध म्हणवणाऱ्या फौजेला कंपनीच्या कोठाराने उपाशी ठेवलं आणि ज्यांना ते अधिकारी ‘बेशिस्त टोळ्या’ म्हणत त्यांनी जगवलं. कॉर्नवॉलिसचा मोठेपणा हा की त्याने हे मान्य केलं आणि त्यावर कारभार बसवला. पुढच्या मोसमासाठी त्याने वंजाऱ्यांच्या तांड्यांना बांधून घेतलं. त्यांचं धान्य रोख पैसे देऊन घ्यायचं आणि त्यांच्या वाटेला धक्का लावायचा नाही, असा दंडक घातला. कॅप्टन अलेक्झांडर रीड याच्याकडे रसद आणि बातम्या दोन्ही सोपवल्या. धान्य आणि बातमी एकाच वाटेने, एकाच तांड्यासोबत येतात हे त्याला आता उमगलं होतं. फेब्रुवारी १७९२ मध्ये तो पुन्हा श्रीरंगपट्टणसमोर उभा राहिला, तेव्हा छावणीत दाण्यागोट्याची ददात नव्हती.

दुसरी गोष्ट पैशाची. हरिपंतांनी मोहिमेसाठी कर्ज मागितलं. रक्कम लाखांच्या घरातली होती. मद्रासेला चीनकडे जाणाऱ्या जहाजांवर कंपनीची चांदी होती, चहाच्या खरेदीसाठी निघालेली. कॉर्नवॉलिसने ती जहाजांवरून उतरवून घेतली, तिचे रुपये पाडायला लावले आणि मराठ्यांना दिले. लंडनच्या संचालकांना चहा प्यारा होता. त्याने हिशेब केला की मराठे रुसून निघून गेले तर नुकसान चहापेक्षा फार मोठं होईल. यॉर्कटाउनला मदतीची वाट पाहत बसलेला तो सेनापती आता दुसऱ्याला पैसे देऊन स्वतःजवळ ठेवायला शिकला होता.

हरिपंत तात्या आणि परशुरामभाऊ ही दोन वेगळ्या ताऱ्यांची माणसं. हरिपंत नानांचे विश्वासू, मोजकं बोलणारे, दरबारी. भाऊ लढवय्ये, आणि पटवर्धनांच्या सरंजामाचा हिशेब त्यांच्या डोक्यात कायम असे. जुलैमध्ये फौजा बंगळूरकडे वळल्यावर हरिपंत कॉर्नवॉलिसजवळ राहिले आणि भाऊ वायव्येकडे, सिरा-चित्रदुर्गाच्या बाजूला गेले. तिकडून त्यांनी ॲबरक्रोंबीला येऊन मिळावं असा बेत होता. भाऊंनी मात्र डिसेंबरच्या अखेरीस शिमोग्याजवळ टिपूच्या फौजेचा पराभव केला, त्यात लिटलच्या तुकडीचा वाटा मोठा होता, आणि शिमोगा घेऊन ते बेदनूरच्या रोखाने वळले. बेदनूर म्हणजे श्रीमंत मुलूख. इंग्रज संतापले. भाऊंच्या बाजूने पाहिलं तर ज्या मुलखासाठी ही मोहीम होती तो समोर होता आणि श्रीरंगपट्टणच्या तटाखाली मराठ्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं.

याच युद्धात मराठी फौजेतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. आपल्या इतिहासात हा डाग आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मठाच्या स्वामींनी टिपूला कळवलं, टिपूने मठाला पैसा आणि साहित्य पाठवलं. धर्माच्या सोप्या चौकटीत या युद्धाला बसवू पाहणाऱ्यांनी ही दोन्ही टोकं एकत्र धरावीत.

भाऊ बेदनूरकडे वळल्याचं कळल्यावर कॉर्नवॉलिसने काय केलं? मनस्ताप झाला, तो पत्रांतून व्यक्त केला, पण मैत्री तोडली नाही. त्या सबंध पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्याने आपल्या वाटेवरचे डोंगरी किल्ले घेतले: होसूर, रायकोट, ऑक्टोबरमध्ये नंदीदुर्ग, डिसेंबरमध्ये सावनदुर्ग. ज्या वाटेने रसद यायची ती वाट एकेक किल्ला घेत मोकळी केली. दोस्त येतील तेव्हा येतील. ते आले नाहीत तरी उपाशी मरायची वेळ येऊ नये, एवढी सोय त्याने केली.

५ फेब्रुवारी १७९२ रोजी तो श्रीरंगपट्टणसमोर आला आणि दुसऱ्याच रात्री, चांदण्यात, तोफांशिवाय, फक्त पायदळ घेऊन टिपूच्या तटाबाहेरच्या छावणीवर तुटून पडला. तीन तुकड्या केल्या होत्या. उजवीकडचा मेडोज वाट चुकला, त्यामुळे मधल्या तुकडीबरोबर असलेला कॉर्नवॉलिस स्वतः काही काळ फार संकटात सापडला. त्याच्या हातालाही थोडी इजा झाली. हरिपंतांना आणि निजामाच्या सरदारांना बेत आधी सविस्तर सांगितला नव्हता. सरसेनापती स्वतः शिपायासारखा अंधारात चालून गेला हे ऐकून ते चकित झाले. इथे दोस्तांवरचा अविश्वास उघड दिसतो. रसदेसाठी, पैशासाठी, सहीसाठी दोस्त हवेत, पण रात्रीच्या छाप्याची गोष्ट त्यांच्या कानावर नको. मराठी छावणीतून बातमी फुटते असा त्याचा समज होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

किल्ला सोडून कावेरीतलं बेट आणि त्यावरची लालबाग इंग्रजांच्या हाती आले. टिपूने प्रेमाने वाढवलेल्या त्या बागेतली सरू आणि फळझाडं मोर्च्यांसाठी तोडली गेली, तिथल्या महालात जखमी ठेवले. १६ तारखेला ॲबरक्रोंबी येऊन मिळाला. त्याआधीच टिपूने कोइमतूरला पकडलेले दोन इंग्रज अधिकारी सोडून त्यांच्याबरोबर तहाची पत्रं पाठवली होती. ईदगाहजवळ तंबू लागले. टिपूकडून गुलाम अलीखान आणि अली रझाखान, कंपनीकडून केनवे, निजामाकडून मीर आलम, पेशव्यांकडून बच्चाजी पंडित.

आता खरा प्रश्न उभा राहिला. किल्ला घ्यायचा की तह करायचा? मोर्चे तटाजवळ येत होते. फौजेला लूट हवी होती, मेडोज उतावळा होता. कॉर्नवॉलिसने तहाच्या बाजूने कौल दिला. त्याची कारणं एकमेकांत गुंतलेली होती. पिटचा कायदा डोक्यावर होता. युद्धाचा खर्च वाढत चालला होता आणि युरोपात फ्रान्सच्या क्रांतीचं वारं सुटलं होतं. छावणीत आजार होता. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे किल्ला पडला आणि टिपूचं राज्य संपलं, तर त्याच्या जागी कोण, याचं उत्तर तिघा दोस्तांना पटेल असं कुणाकडेच नव्हतं. म्हैसूर सबंध वाटून घ्यायचं म्हणजे मराठे थेट कावेरीपर्यंत. तेही इंग्रजांना नको होतं. टिपू पुरता बुडावा हे पुणे दरबारालाही नको होतं. नानांना टिपू दुबळा हवा होता आणि जिवंत हवा होता, कारण तो नाहीसा झाला की दक्षिणेत इंग्रजांसमोर मराठे एकटेच उरले असते. हरिपंतांचा कल म्हणून सलुखाकडे होता. त्या घटकेला नाना आणि कॉर्नवॉलिस यांना एकच गोष्ट हवी होती, कारणं मात्र एकमेकांविरुद्ध होती. असा योग क्वचित येतो आणि कॉर्नवॉलिसने तो नेमका पकडला.

अटी अशा ठरल्या: निम्मं राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये, हैदरच्या काळापासूनचे सगळे कैदी सोडायचे, आणि तह पुरा होईपर्यंत दोन मुलगे ओलीस. पैशापैकी निम्मे लगेच आणि उरलेले वर्षाच्या आत तीन हप्त्यांत. त्यातले ३० लाख दरबारखर्चाचे, म्हणजे दोस्तांच्या कारभाऱ्यांचे आणि अंमलदारांचे. आधी मागणी ६० लाखांची होती, घासाघीस होऊन ती निम्म्यावर आली. स्वतः कॉर्नवॉलिस आणि मेडोज यांनी लुटीतला आपला वाटा सोडून दिला.

२६ फेब्रुवारीला अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीन हे दोन शहजादे हत्तीवरून किल्ल्याबाहेर आले. थोरला दहाएक वर्षांचा, धाकटा आठाचा. किल्ल्यावरून तोफांची सलामी झाली. पांढरी मलमल, लाल पगड्या, गळ्यात मोत्यांचे सर. गुलाम अलीने मुलांना पुढे केलं आणि सांगितलं की सकाळपर्यंत ही सुलतानाची मुलं होती, आता यांनी आपल्यालाच वडील मानावं. कॉर्नवॉलिसने दोघांना जवळ बसवलं आणि प्रत्येकी एक सोन्याचं घड्याळ दिलं. या दृश्याची तैलचित्रं पुढे इंग्लंडात घरोघरी पोचली. दयाळू बापासारखा विजेता, समोर शत्रूची मुलं. यॉर्कटाउनचा कलंक या चित्राने बराच धुतला गेला. चित्रात हरिपंत किंवा निजामाची माणसं शोधावी लागतात.

पण वाटाघाट तिथे संपली नव्हती. कोणते परगणे द्यायचे यावर कचेरीतल्या कागदांची लढाई सुरू झाली. टिपूचे वकील एक जमा दाखवत, पेशव्यांचे आणि निजामाचे कारकून दुसरी. त्यातच कॉर्नवॉलिसने आपल्या वाट्यात कुर्ग घातलं. टिपू खवळला. कुर्ग कंपनीच्या कोणत्या मुलखाला लागून आहे, त्यापेक्षा श्रीरंगपट्टणच्या किल्ल्याची किल्लीच का मागत नाही, असा त्याचा सवाल होता. सवाल रास्त होता. कुर्गच्या घाटातून श्रीरंगपट्टण दोन-चार मजलींवर येतं. कॉर्नवॉलिसचं म्हणणं असं की कुर्गच्या राजाने ॲबरक्रोंबीला वाट दिली, धान्य दिलं, त्याला टिपूच्या तावडीत सोडता येणार नाही. त्याने मोर्च्यांचं काम पुन्हा सुरू करायला लावलं, मुलांना छावणीतून कर्नाटकच्या, म्हणजे तेव्हाच्या अर्काट-मद्रासेकडच्या मुलखाच्या, वाटेला लावलं. टिपू नमला. १८ मार्चला तहावर शिक्के झाले.

आता वाटे पाहा, कारण या सबंध प्रकरणाचं मर्म तिथे आहे. तिन्ही वाटे काटेकोर समान, प्रत्येकी सुमारे साडेएकोणचाळीस लाख रुपये वार्षिक वसुलाचे. मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत आली, निजामाला कडप्पा-गंजीकोट आणि पेन्नेपर्यंतचा मुलूख मिळाला. कंपनीने मलबार, कुर्ग, दिंडिगल, बारामहाल घेतले. वसूल सारखा, पण मराठ्यांना आणि निजामाला शेतं मिळाली, कंपनीला दारं मिळाली. बारामहालातून पूर्वेचे घाट, कुर्गमधून पश्चिमेचे, मलबारची बंदरं, दिंडिगलकडून दक्षिण. पुणे आणि हैदराबाद दोन्ही दरबारांच्या कारकुनांनी जमा मोजली आणि मोजणी चोख होती. घाट मात्र कुणी मोजले नाहीत. हरिपंतांसारख्या जाणत्या माणसाच्या लक्षात हे आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांना पुण्याला जाऊन वसुलाचा आकडा दाखवायचा होता आणि तो दिसायला उत्तम होता. १७९९ मध्ये मुंबईची फौज कुर्गमधूनच चढली, ६ मार्चला सिद्धेश्वरला टिपूचा हल्ला परतवला, मद्रासेची फौज बारामहालातून आली, आणि ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडलं. १७९१ मध्ये ज्या अंतराने कॉर्नवॉलिसचे बैल खाल्ले होते, ते अंतरच तहाने नाहीसं झालं होतं.

म्हणून त्याच्या मवाळपणाचे गोडवे गाणाऱ्यांशी मी पुरता सहमत होत नाही. तो थांबला हे खरं आणि थांबायला धैर्य लागतं हेही खरं. पण त्याने थांबताना पुढच्या माणसासाठी दार उघडं ठेवलं.

तह झाल्यावर त्याने आणखी एक प्रयत्न केला. मिळालेल्या मुलखाची तिघांनी एकमेकांना हमी द्यावी, टिपूने कुरापत काढली तर तिघांनी मिळून उठावं, असा करार त्याला हवा होता. निजाम तयार होता, त्याला मराठ्यांची धास्ती होती. पुण्याने मात्र दाद दिली नाही. म्हैसूर आणि हैदराबादवरचे चौथाईचे दावे नानांना सोडायचे नव्हते आणि जून १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यात येऊन दाखल झाले होते, ते इंग्रजांच्या वाढत्या बळाकडे सावधपणे पाहत होते. करार झालाच नाही. कॉर्नवॉलिस ऑक्टोबर १७९३ मध्ये इंग्लंडला निघाला, मुलं १७९४ मध्ये टिपूकडे परत गेली. त्याच वर्षी महादजी गेले, हरिपंतही गेले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला चीत केलं आणि कॉर्नवॉलिसच्या जागी आलेल्या शोअरने हात झटकले. तहानंतर तिघांची ती युती तीन वर्षंही टिकली नाही.

पुढच्या कारकिर्दीत हेच सूत्र पुन्हा पुन्हा दिसतं. १७९८ मध्ये आयर्लंडच्या बंडाच्या वेळी त्याला तिथे पाठवलं. त्याने बंड मोडलं, फ्रेंचांची उतरलेली तुकडी शरण आणली, पण सूडाच्या फाश्यांना आळा घातला. मग आयर्लंडचं पार्लमेंट बंद करून लंडनशी एकीकरण करण्यासाठी तिथल्या सभासदांना पदव्या आणि नेमणुका वाटाव्या लागल्या. त्या कामाची त्याला किळस आली हे त्याच्या पत्रांत स्पष्ट आहे. काम मात्र त्याने केलं. श्रीरंगपट्टणच्या दरबारखर्चाहून हे फार वेगळं नव्हतं, फक्त तिकडे ते दोस्तांच्या नावावर मांडता आलं होतं. कॅथलिकांना हक्क देण्याचं आश्वासन तिसऱ्या जॉर्जने हाणून पाडलं, तेव्हा १८०१ मध्ये पिटबरोबर त्यानेही पद सोडलं.

मार्च १८०२ मध्ये आमियाँला नेपोलियनचा भाऊ जोसेफ याच्याशी त्याने तह केला. सिलोन आणि त्रिनिदाद राखलं, केप डचांना परत, माल्टा तिथल्या धर्मवीरांच्या संघाला परत, आणि माल्टाच्या स्वातंत्र्याला सहा सत्तांची हमी. पुन्हा तीच हमी. ज्यांनी ती द्यायची त्यांची मनं तयार नव्हती, इंग्रजांनी माल्टा सोडलं नाही, आणि मे १८०३ मध्ये युद्ध परत पेटलं.

१८०५ च्या जुलैअखेरीस, ६६ व्या वर्षी, तो पुन्हा कलकत्त्यात उतरला. मधल्या काळात गव्हर्नर जनरल वेलस्लीने वसई, असई, लासवारी, सुर्जी-अंजनगाव करून मराठी राज्याचा कणा मोडला होता आणि कंपनीची तिजोरीही रिकामी केली होती. होळकर अजून मैदानात होते, कंपनीच्या सैन्याचे पगार थकले होते. कॉर्नवॉलिसने येताच उत्तरेतला इंग्रज सेनापती लेक याला लिहिलं की शिंद्यांना ग्वाल्हेर आणि गोहद परत देऊ, यमुनेपलीकडच्या भानगडीतून अंग काढून घेऊ. लेकने विरोध केला. होळकरांशी चाललेलं युद्ध बोलण्याने मिटवायला तो स्वतः गंगेतून वर निघाला, पण गाझीपूरला पोचेपर्यंत प्रकृती पार ढासळली होती. ५ ऑक्टोबर १८०५ रोजी तिथेच तो वारला, कबरही तिथेच आहे. त्याच्या बेतावर त्याच्या जागी आलेल्या बार्लोने शिक्कामोर्तब केलं: नोव्हेंबरमध्ये शिंद्यांना ग्वाल्हेर-गोहद मिळालं आणि चंबळ ही हद्द ठरली. डिसेंबरमध्ये राजपूरघाटच्या तहाने होळकरांचा बराच मुलूख परत गेला, आणि ज्या राजपूत राजांना वेलस्लीने अभय दिलं होतं त्यांना कंपनीने मोकळं सोडलं. पुढची बारा वर्षं, लॉर्ड हेस्टिंग्जच्या (वॉरन नव्हे) पेंढारी मोहिमेपर्यंत, उत्तरेतली घडी तशीच राहिली.